गॅस बारीक करा

इंधन-बचत ही दरवाढीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी आणि तिसऱ्या आठवड्यात विसरली जाणारी घरगुती चळवळ आहे. तिला अध्यक्ष नसतो, पण प्रत्येक घरात एक कार्यवाह असतो. दिवे मालवत, पंखे बंद करत आणि "कोणी बसलंय का इथे?" असा प्रश्न रिकाम्या खोलीला विचारत फिरणे, हे त्याचे काम. चळवळीचा नियम एकच असून तो कुठेही लिहिलेला नाही. जे जळताना दिसते, वाजताना ऐकू येते किंवा सुटे पैसे मोजून आणावे लागते, ते वाचवायचे. जे बंद दाराआड, बॉनेटखाली किंवा भिंतीतल्या वायरीतून जाते, त्याची चौकशी करायची नाही. हा नियम एकदा लक्षात आला की मराठी घरातल्या बचतीचे बरेचसे प्रकार आपोआप उलगडतात.

आजच्या ज्येष्ठ पिढीची यातली तालीम १९७२-७३ मध्ये झाली. राज्यात दुष्काळ होता, वाण्याकडे टंचाई होती आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे-मोर्चा हे हाडाचे काटकसरी आंदोलन होते: हत्यार घरचेच, वेगळा खर्च नाही आणि संध्याकाळी तेच पोळ्यांना मोकळे. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. नोव्हेंबरात दिल्लीत पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत पोचले, तर पेट्रोल वाचवण्याचा धडा घालून द्यायला इंदिरा गांधी घोडागाडीतून फिरल्या. सरकार आणि विरोधक यांच्यात जनावर कोणते एवढाच मतभेद उरला. त्याच वर्षी मुंबईत जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' निघाले आणि सिलिंडर कधी लावला हे लिहून ठेवायला घराघरांतल्या भिंतीवर चौकोन मिळाला.

बचतीचा आरंभ काडीपासून होतो. १ डिसेंबर २०२१ रोजी काडेपेटी चौदा वर्षांनी एक रुपयाची दोन रुपयांना झाली. आतल्या काड्याही ३६ च्या ५० झाल्या. म्हणजे एक काडी चार पैशांची. ही काडी वाचवण्यासाठी पोळ्या झाल्यावर शेगडी बंद करत नाहीत. भाजीचा कांदा चिरून होईपर्यंत ती बारीक ठेवतात. बारीक आचेवरचा बर्नर तासाला तीसेक ग्रॅम गॅस खातो आणि गॅस किलोला साठ रुपये पडतो असे धरले, तर दहा मिनिटांत तीस पैशांचा गॅस जातो. चार पैशांची काडी तीस पैशांना वाचते. कांदा चिरताना माहेरचा फोन आला तर याच भावात अख्खी काडेपेटी वाचू शकते. लायटर आल्यावर ही पद्धत जायला हवी होती, पण लायटर तिसऱ्या-चौथ्या खटक्याशिवाय पेटत नाही आणि चौथा खटका नको म्हणूनही शेगडी बारीकच राहते. "गॅस बारीक कर" हे वाक्य मराठीत आज्ञार्थाच्या उदाहरणादाखल द्यावे इतके रुळलेले आहे. "गॅस बंद कर" त्या मानाने कमी ऐकू येते.

काडीनंतर झाकण. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. उघड्या पातेल्यातून वर जाणारी वाफ म्हणजे सिलिंडरमधले सर्वांत महाग घोट. शिवाय पाणी उकळू लागल्यावर आच कितीही मोठी केली तरी ते शंभर अंशांपुढे तापत नाही, फक्त जास्त खळखळते. बटाट्याला ही खळखळ कळत नाही. तो मंद उकळीतही तेवढ्याच वेळात शिजतो. खळखळ कळते ती बाहेर उभे राहणाऱ्याला, आणि चुलीपुढे काम होते आहे असे त्याला वाटते. झाकण ठेवायला कोणाचाही तात्त्विक विरोध नसतो. अडचण एवढीच की झाकण ठेवले की आतले दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते दर मिनिटाला उचलले जाते आणि शेवटी ओट्यावर उपडे राहते.

प्रेशर कुकरचे स्थान या शास्त्रात मध्यवर्ती आहे. आत दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, डाळ लवकर शिजते, इंधन वाचते. भारतात कुकरचे मोठे कारखाने १९५९ च्या सुमारास उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्या माहितीपुस्तिका एकच गोष्ट सांगत आल्या आहेत की पुरेसा दाब आला की आच कमी करावी आणि मिनिटे मोजावीत. ही पुस्तिका घरोघरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, न भरलेल्या गॅरंटी कार्डासह, सुरक्षित असते. मिनिटे मात्र कोणी मोजत नाही. मराठी स्वयंपाकघरात काळाचे एकक शिट्टी हे आहे. वरणभाताला तीन, बटाट्याला चार, छोल्यांना सात किंवा जी जाऊबाई सांगेल ती संख्या. वास्तविक शिट्टी हा कुकरने दिलेला निरोप असतो: आत पुरेसे झाले, आता जास्तीची उष्णता वाफेवाटे सोडून देतो आहे, आच कमी करा. घरात तोच निरोप "एक झाली" असा ऐकला जातो आणि पुढच्या निरोपाची वाट पाहिली जाते.

शिट्ट्या मोजण्याचे काम बहुधा ज्याने कुकर लावला त्याच्याकडे नसते. लावणारी व्यक्ती आंघोळीला जाते आणि जाताना पेपर वाचणाऱ्याला सांगते, "तीन झाल्या की बंद करा." पेपर वाचणाऱ्याच्या मते दोन होतात, आंघोळ करणाऱ्याच्या मते चार. दोन इमारतींत फारसे अंतर नसेल तर शेजारच्या कुकरची शिट्टीही हिशेबात जमा होते आणि भात कणीदार राहतो. तरीही कुकरची बाजू घ्यायला हवी. खाली डाळ, मध्ये भात, वर दोन बटाटे अशी तीन डब्यांची रचना एका बर्नरवर अख्खे जेवण उरकते. घरातली ही सर्वांत मोठी इंधन-बचत. तिच्याबद्दल कोणी फुशारकी मारत नाही, कारण ती बचत आहे हे कोणाच्या ध्यानातच नसते.

कडधान्ये रात्री भिजत घातली तर सकाळी निम्म्या आचेत शिजतात. खर्च एक वाटी पाणी. हरभऱ्याची आठवण मात्र सकाळी सातला होते.

गॅसशिवायही स्वयंपाक उरकता येतो, यावर पुण्यात चांगले काम झाले आहे. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये 'आरती' ही समुचित तंत्रज्ञानाची संस्था काढली. उसाच्या पाचटापासून केलेल्या कांडी कोळशासाठी तिला २००२ मध्ये आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तिच्या सराई कुकरमध्ये मूठ-दोन मूठ कांडी कोळशावर कुटुंबाचे वरण-भात-भाजी वाफेवर शिजते. कोळसा पेटवून भांडी आत ठेवली की माणूस कामाला जायला मोकळा. त्यात उणे काढायचेच तर तो वाजत नाही. ज्या समाजाने तीन पिढ्या शिट्टीवर घड्याळ लावले, त्याला न वाजणारा कुकर चालू आहे की बंद हा प्रश्न पडणारच.

सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते, त्यामुळे घरी येताच वजन करून घेता येते. पोचवणाऱ्याकडे काटा मागितला की तो काटा "गाडीत आहे" असे सांगतो, गाडी कोपऱ्यावर असते आणि कोपऱ्यापर्यंत जाण्याचा उत्साह मागणाऱ्यात नसतो. गॅस किती उरला हे कळण्याचे घरगुती मार्ग तीन. पहिला, कालनिर्णयवरची तारीख. दुसरा, टाकी हलवून पाहणे आणि जाणकार चेहरा करणे. तिसरा मात्र खरोखर उपयोगी आहे. टाकीवरून ओले फडके फिरवले की आत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो आणि वरचा आधी, त्यामुळे पातळीची रेघ काही क्षण दिसते. संपत आलेली टाकी आडवी करून आणखी चार पोळ्या काढण्याची रीत मात्र मोडायला हवी. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो आणि चार पोळ्यांच्या बचतीत स्वयंपाकघर जाऊ शकते.

गॅस नेमका पुरणाच्या दिवशीच का संपतो, याचे कारण दैवात शोधले जाते. ते गणितात आहे. ज्या दिवशी सर्वांत जास्त गॅस जळतो, त्या दिवशी तो संपण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाहुण्यांसमोर हे गणित मांडून मात्र उपयोग होत नाही.

आंघोळीच्या पाण्याचा इतिहास उतरत्या श्रमांचा आणि चढत्या बिलांचा आहे. तांब्याचा बंब होता तेव्हा इंधन म्हणजे घरातला कचरा होता: करवंट्या, गोवऱ्या, चिपाडे, मागच्या वर्षीच्या वह्या. बंबाच्या तोंडाशी ठिणग्या, डोळ्यांत धूर, नाकात राख. खर्च दिसत होता, म्हणून पाणी तांब्या-तांब्याने वापरले जाई. नंतर विजेचा गिझर आला. तो छताजवळ असतो, त्याचे बटण बाथरूमबाहेर असते आणि आत काय चालले आहे याची एकमेव खूण म्हणजे एक इवलासा लाल दिवा. पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. जुना 'झिरोचा बल्ब' नावाप्रमाणे शून्य वॅटचा नसून पंधरा वॅटच्या आसपासचा असे; तेवढ्या विजेत तो चाळीस तास जळला असता. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी बोलणी खाल्ली ती झिरोच्या बल्बवरून. गिझर चालू ठेवून ऑफिसला गेलेल्या माणसाची फार तर चौकशी होते, आणि तीही कोणी गेले हे ठरत नसल्याने तहकूब होते.

सौर बंबाने वीज वाचवली यात शंका नाही. पुणे महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. मात्र गच्चीतून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या नळीत रात्रभर गार पडलेले पाणी आधी काढावे लागते. पहिला आंघोळ करणारा ते निमूट सोडून देतो, दुसरा त्याचा फायदा घेतो. एकत्र कुटुंबात लवकर उठण्याची सवय का मोडली, याच्या कारणांत हेही एक धरायला हरकत नाही.

विजेच्या बाबतीत बचतीचे सारे लक्ष बटणावर असते, यंत्रावर नसते. पंखा हळू केला की बिल कमी येते, ही समजूत जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरच्या काळातली आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हाच ती सर्वांत कमी खरी होती. तो रेग्युलेटर उरलेल्या विजेतली बरीचशी स्वतः तापण्यात घालवी. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने थोडी वीज खरोखर वाचते. नेहमीचा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, नव्या धाटणीचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. पण तो आणायला तीन हजार मोजावे लागतात आणि हे तीन हजार दिसतात. महावितरणच्या शंभर युनिटांच्या टप्प्याची घरोघरी लक्ष्मणरेषा झाली आहे. शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग दराने लागतात, या भीतीने महिनाअखेरीस इस्त्री बंद राहते. प्रत्यक्षात चढा दर शंभरावरच्या युनिटांनाच लागतो. एसी १ जानेवारी २०२० पासून कारखान्यातून चोवीस अंशांवर लावूनच येतात, एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे सरकार सांगते; घरी तो अठरावर आणला जातो आणि मग पांघरूण काढले जाते. कपाटातून काढलेले पांघरूण फुकट असल्याने त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

घराबाहेर पडले की बचत पेट्रोलपंपावर जाऊन पोचते. पूर्वी दरवाढ संध्याकाळच्या बातम्यांत जाहीर होई आणि मध्यरात्रीपासून लागू होई. नऊ वाजता जेवण अर्धवट टाकून लोक पंपावर रांग लावत. दोन रुपयांची वाढ आणि टाकीत तीन लिटरची जागा, म्हणजे सहा रुपयांची कमाई. त्यासाठी पाऊण तास रांगेत, दर दोन मिनिटांनी किक मारून चार पावले पुढे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला ठरू लागले. रांगेचा हा सामाजिक कार्यक्रम त्यानंतर मंदावला. काही पैशांची वाढ रोज झाली तर रांग लावायची कशासाठी? मुंबईत पेट्रोलने २९ मे २०२१ रोजी शंभरी ओलांडली. परभणीला त्याचे नवल नव्हते. तिथले पेट्रोल तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मनमाड डेपोतून टँकरने येते आणि पेट्रोल आणायला जळलेल्या डिझेलचे पैसेही पेट्रोल घेणाराच देतो.

पंपावरचा ग्राहक शंभराचे पेट्रोल कधी घेत नाही. तो ११० चे घेतो, नाहीतर २१० चे. गोल आकड्यात मापात मारतात आणि तिरप्या आकड्यात मारता येत नाही, असे त्याचे मत असते. पंपावर काम करणाऱ्या पोराला हे मत माहीत असतेच, कारण दिवसभर सगळे तिरपेच आकडे सांगतात. "झिरो बघा साहेब" म्हटल्यावर साहेब झिरो बघतात, आणि पुढे नळी टाकीत असेतो मोबाइल. मापाची शंका आली तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, ते मागून खात्री करता येते. त्यासाठी पाच लिटर पेट्रोल घ्यावे लागेल, आणि शंका ११० रुपयांचीच असते.

सकाळी गारव्यात पेट्रोल घट्ट असते, म्हणून तेव्हा भरावे, असाही एक संप्रदाय आहे. पेट्रोल अंशामागे सुमारे हजारात एक एवढे प्रसरण पावते. टाकी जमिनीखाली असल्याने सकाळ-दुपारचा फरक तिला फारसा कळत नाही. वादासाठी पाच अंशांचा फरक मानला, तरी पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटर, म्हणजे अडीच रुपये. पहाटे उठण्याचे इतर फायदे आहेत, त्यांत हा धरू नये.

सिंधुदुर्गात बचतीला राज्याची सीमा मदतीला येते. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल एकदम सुमारे अकरा रुपयांनी उतरले. पुढे कर पुन्हा वाढला, तरी महाराष्ट्रापेक्षा ते स्वस्तच राहत आले आहे. बांद्याच्या माणसाने पत्रादेवीला जाऊन टाकी भरली तर त्याला शहाणा म्हणावे लागते. कुडाळच्या माणसाने लिटरमागे आठ रुपये वाचवायला स्कूटर काढली, तर पाच लिटरला चाळीस रुपये वाचतात आणि येऊन-जाऊन सत्तर किलोमीटरला दीडशेच्या आसपास पेट्रोल जळते. शिवाय गोव्यात गेलेला माणूस फक्त पेट्रोल घेऊन परतला, असे उदाहरण दाखवता येत नाही.

'किती देते?' हा प्रश्न गाडीला उद्देशून असून त्याचे उत्तर देणारा नेहमी मालक असतो. एकच मोटारसायकल ऑफिसातल्या सहकाऱ्यापुढे साठ देते, मेकॅनिकपुढे चाळीस आणि सहलीचा खर्च मित्रांत वाटून घेताना तीस. खरे ॲव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे: टाकी काठोकाठ भरावी, आकडा लिहावा, गाडी चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी, भागाकार करावा. पण काठोकाठ भरण्याची ऐपत आणि भागाकाराची इच्छा एकाच दिवशी जुळून येत नाही. लूना होती तेव्हा हा प्रश्न गौण होता. १९७२ मध्ये आलेल्या त्या गाडीला पायडल असल्याने पेट्रोल संपल्यावरही ती थोडीफार गाडीच राही. स्कूटरवाल्याला तेवढी सोय नव्हती. स्कूटरची टाकी कोरडी पडली की ती डावीकडे, क्वचित उजवीकडे, पार जमिनीपर्यंत वाकवून उरलेले थेंब कार्ब्युरेटरकडे पिटाळले जात आणि तेवढ्यावर ती पंपापर्यंत पोचे. रस्त्याकडेला स्कूटर वाकवून उभा असलेला गृहस्थ दिसला की जाणारे-येणारे सहानुभूतीने पाहत, थांबत मात्र नसत. थांबले तर पेट्रोल मागेल.

घाटात उतार लागला की गाडी न्यूट्रल करणे ही खंबाटकीपासून कशेडीपर्यंत चालत आलेली विद्या. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तिने थोडे पेट्रोल वाचत असेल. इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजिनाचे इंधन जवळपास पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले की उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे न्यूट्रलवाला इंधन जास्त घालवतो, इंजिनाचा ब्रेक गमावतो आणि सारा भार ब्रेकवर टाकून ते तापवतो. घाटातल्या पाट्या हेच बजावतात, पण त्या उतारावर लावलेल्या असतात आणि तिथे पोचेपर्यंत गाडी न्यूट्रल झालेली असते. बचत होते आहे असे वाटते, कारण इंजिनाचा आवाज कमी होतो.

आवाजाचा हाच हिशेब वेगाला उलटा लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० ऐवजी ८० ने गेल्यास तो अडीचपट होतो. केंद्राची पीसीआरए ही संस्था कित्येक वर्षे ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. हा सल्ला अमलात आणणारे वाहन महामार्गावर दिसतेही. त्याच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग असते. सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला मात्र पुष्कळ जण पाळतात, विशेषतः जिथे सेकंद दाखवणारा आकडा आहे तिथे. दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर बंद केलेले परवडते. फक्त तीनचा आकडा आला की सगळे एकदम स्टार्टर दाबतात आणि ज्याची गाडी सुरू होत नाही त्याला मागच्यांकडून मार्गदर्शन मिळते. टायरमधली हवा तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पंपांवर हवा फुकट असते. पण कमी हवेने पेट्रोल जास्त जाते हे डोळ्यांना दिसत नाही आणि हवेच्या नळीशी पोरगा नसतो, तेव्हा बाब तिथेच संपते.

ज्यांना सवय बदलायची नसते, ते यंत्र विकत घेतात. पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, सिगारेट-लायटरच्या भोकात खोचायचे निळे दिवे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. लक्षात घ्यावी एवढी बचत एकानेही दाखवली नाही. आपल्याकडे १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिळ्ळै यांनी वनस्पतीपासून पेट्रोल करण्याचा दावा केला, देशभर वाहवा मिळवली आणि पुढे फसवणुकीबद्दल २०१६ मध्ये शिक्षा ओढवून घेतली. चुंबक बांधल्यावर ॲव्हरेज वाढल्याचे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पाचशे रुपये दिल्यावर माणूस काही दिवस जपून गाडी चालवतो, आणि तेवढ्यापुरते ॲव्हरेज खरोखर वाढते.

माणशी इंधन मोजायचे तर राज्यात वडापला तोड नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी, कुठे टमटम, तत्त्व एक. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि गाडी भरली हे ठरवण्याचा अधिकार चालकाचा. नऊ जणांच्या जागेत चौदा बसतात, दारात दोन लोंबकळतात. वाहतूक नियमांनी यात दोष काढता येतील, आणि ते काढलेच पाहिजेत. पण लिटरमागे किती माणसे किती दूर गेली, एवढेच विचारले तर एकट्या माणसाला घेऊन कोथिंबीर आणायला निघालेली मोटार त्याच्यापुढे मान वर करू शकणार नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी स्वस्त मिळते, हे खरे असते.

आता गाडी विजेवर आली. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर परतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही आली. "किती देते?" ऐवजी "एका चार्जात किती जाते?" असे विचारतात, उत्तरे अजून मालकच देतो. टाकी वाकवण्याची सोय गेली. अडीच-तीन युनिटांत स्कूटर शंभरेक किलोमीटर जाते, म्हणजे पेट्रोलपुढे खर्च किरकोळ. पण तो खर्च कोणाच्या मीटरवर पडतो, हा नवा विषय सोसायट्यांच्या सभांत आला आहे. पार्किंगमधला प्लग सामाईक मीटरवर असतो. ज्याच्याकडे विजेची स्कूटर आहे तो लिफ्टकडे बोट दाखवतो आणि तळमजल्यावर राहणारा लिफ्टचे नाव निघताच उठून उभा राहतो. स्कूटरवाल्याने महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी की सब-मीटर बसवावा, सब-मीटरचा खर्च कोणी करायचा, पाहुण्यांच्या गाडीचे काय, यावर दोन तास चर्चा होते. सभागृहातले चारही पंखे तोवर पूर्ण वेगात असतात. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो, तोपर्यंत चार्जिंगच्या वेळा लिहायला वॉचमनजवळ एक वही ठेवावी असे ठरते आणि वहीच्या चाळीस रुपयांच्या खर्चाला सभा एकमताने मंजुरी देते.